स्वच्छमंडलाच्या विकारांमध्ये नेत्रांतर दाबमापनाची अचूकता : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :
काचबिंदूच्या निदानात व उपचारात नेत्रांतर दाब हा एक प्रमुख निकष मानला जातो. हा दाब डोळ्याच्या आत नळी घालून नव्हे, तर बाहेरून स्वच्छमंडलावर बल लावून मोजला जातो. त्यामुळे स्वच्छमंडलाची जाडी, कडकपणा, वक्रता किंवा पृष्ठभाग बिघडला असल्यास उपकरण निर्दोष असूनही आकडा चुकू शकतो. प्रस्तुत लेखात दाबमापनाचे भौतिक तत्त्व, विविध विकारांत होणाऱ्या चुकीची दिशा, जाडीनुसार दुरुस्ती करण्याच्या सूत्रांच्या मर्यादा व पर्यायी उपकरणे यांचे विवेचन केले आहे. तसेच धातुकाम आणि शेती या दोहोंमुळे स्वच्छमंडलाला इजा होण्याचा धोका असलेल्या पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात काही व्यावहारिक सूचना मांडल्या आहेत.

महत्त्वाचे शब्द : नेत्रांतर दाब, स्वच्छमंडल, काचबिंदू, गोल्डमन टोनोमीटर, अचूकता, सुसंगतता, औद्योगिक नेत्र-इजा.

१. प्रस्तावना :
पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा परिसर वाहन व अभियांत्रिकी उद्योगांचे केंद्र बनला. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात हा पट्टा खेड तालुक्यातील चाकणपर्यंत विस्तारला. ज्या चाकणची ओळख कांद्याच्या बाजारपेठेमुळे होती, तेथे आज मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे आहेत.

या परिसरातील लहानमोठ्या वर्कशॉपमध्ये लेथ, ग्राइंडर आणि वेल्डिंग ही नित्याची कामे होत. ग्राइंडिंग करताना उडालेला लोखंडाचा तापलेला कण डोळ्यात रुतणे, वेल्डिंगचा आर्क डोळ्यांना लागणे, कण सहकाऱ्याकडून रुमालाच्या टोकाने काढून घेणे आणि पाळी संपेपर्यंत तसेच काम करीत राहणे हे प्रकार कामगारवस्तीत कोणालाही अपरिचित नाहीत. कारखाने अधिनियम, १९४८ याच्या कलम ३५ ने उडणारे कण आणि तीव्र प्रकाश यांपासून डोळ्यांच्या संरक्षणासाठी पडदे किंवा योग्य गॉगल पुरविण्याची तरतूद केली होती. तरीही इजा पूर्णपणे टळलेल्या नाहीत. दुसऱ्या बाजूला खेड तालुक्यातील शेतीत उसाचे पाते, धसकट किंवा मळणीतील भुसा लागून स्वच्छमंडलाला जखम होते आणि तीत जंतूंचा किंवा बुरशीचा शिरकाव होतो. जखम भरली तरी अनेकदा पांढरा व्रण उरतो. त्यालाच बोलीभाषेत 'डोळ्यात फूल पडणे' असे म्हणतात.

२०१५ ते २०१९ या कालावधीत झालेल्या राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणानुसार ५० वर्षांखालील व्यक्तींमधील अंधत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण स्वच्छमंडलाची अपारदर्शकता हे असून तिचे प्रमाण ३७.५ टक्के आढळले. कामाच्या ऐन वयातील व्यक्तींना भेडसावणारा हा विकार आहे. अशा व्यक्तींच्या बाबतीत व्रणामुळे दृष्टी किती गेली याची चर्चा होते. परंतु त्याच डोळ्यात काचबिंदू शिरला आहे किंवा नाही, हे ज्या आकड्यावरून ठरवावयाचे तो आकडा कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे.

२. नेत्रांतर दाब आणि काचबिंदू :
डोळ्याच्या पुढील भागात नेत्रजल नावाचा स्वच्छ द्रव सतत तयार होतो आणि स्वच्छमंडल व बुबुळ यांच्यामधील कोनातील जाळीतून बाहेर वाहून जातो. निर्मिती आणि निचरा यांच्या समतोलातून जो दाब राहतो त्यास नेत्रांतर दाब म्हणतात. तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये व्यक्त केला जातो. सर्वसाधारणपणे १० ते २१ मि.मी. पारा ही मर्यादा सामान्य समजली जाते. निचरा अडला की दाब वाढतो आणि दृष्टीच्या मज्जातंतूचे तंतू हळूहळू नष्ट होतात. या अवस्थेस काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळते, काचबिंदूमुळे गेलेली मिळत नाही. बहुतेक रुग्णांना दीर्घकाळ वेदना किंवा लाली जाणवत नसल्याने रोग शोधण्यासाठी तपासणीवरच अवलंबून राहावे लागते.

ही तपासणी मुख्यतः तीन आधारांवर उभी असते : दाबाचे मापन, डोळ्याच्या आतून दिसणाऱ्या मज्जातंतूच्या मुखाचे निरीक्षण आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी. स्वच्छमंडलावर मध्यभागी व्रण असेल, तर हे तीनही आधार एकाच वेळी कमकुवत होतात. दाबाचा आकडा संशयास्पद होतो, धूसर पटलातून मज्जातंतूचे मुख स्पष्ट दिसत नाही आणि दृष्टिक्षेत्रातील उणीव व्रणामुळे आहे की काचबिंदूमुळे, हे सांगता येत नाही.

याहून गंभीर बाब अशी की, अशा डोळ्यांत काचबिंदूचा धोकाही सामान्य डोळ्यांपेक्षा अधिक असतो. ज्या आघाताने स्वच्छमंडल जखमी झाले त्याच आघाताने निचऱ्याच्या कोनालाही इजा झालेली असू शकते. मोठा व्रण भरताना बुबुळ त्याला चिकटले, तर निचऱ्याचा मार्ग बंद होतो. उपचारासाठी किंवा प्रत्यारोपणानंतर स्टिरॉइडचे थेंब दीर्घकाळ वापरावे लागतात आणि त्यांनी काही व्यक्तींचा दाब वाढतो. सर्वसाधारण लोकसंख्येतील सुमारे एक तृतीयांश व्यक्तींमध्ये ही वाढ मध्यम, तर ५ ते ६ टक्के व्यक्तींमध्ये ती मोठी असते. म्हणजेच ज्या डोळ्याचा दाब अचूक कळणे सर्वांत आवश्यक, नेमक्या त्याच डोळ्याचा दाब मोजणे सर्वांत कठीण, अशी ही विसंगती आहे.

३. दाबमापनाचे तत्त्व :
बॉयलरमधील दाब मोजण्यासाठी त्याला गेज जोडलेला असतो व आतील वाफेचा त्याच्याशी थेट संबंध येतो. डोळ्याच्या बाबतीत असे करता येत नाही. येथील मापन हे सायकलच्या टायरमधील हवा अंगठ्याने दाबून पाहण्यासारखे आहे. टायर जाड रबराचा असेल तर हवा कमी असूनही तो कडक लागतो आणि रबर झिजलेले असेल तर हवा पुरेशी असूनही तो मऊ लागतो. अंगठ्याला कळते ते हवा आणि रबर या दोहोंचे एकत्रित उत्तर होय.

एकोणिसाव्या शतकात वैद्य खरोखरच मिटलेल्या पापणीवर बोटे ठेवून डोळ्याचा कठीणपणा अजमावीत. १९०५ मध्ये नॉर्वेतील यल्मार श्योट्झ यांनी वजनाच्या साह्याने स्वच्छमंडलात खळगा पाडून दाब मोजणारे उपकरण तयार केले. स्वस्त आणि सुटसुटीत असल्याने ते भारतातील नेत्रशिबिरांमध्ये अनेक दशके वापरात राहिले. मात्र खळगा किती खोल पडेल हे डोळ्याच्या भिंतीच्या ताठरपणावरही अवलंबून असल्याने त्यात चूक संभवते.

१९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील बर्न येथील हान्स गोल्डमन यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. खळगा पाडण्याऐवजी स्वच्छमंडलाचा एक ठराविक भाग सपाट करण्यास किती बल लागते, हे त्यांनी मोजले. पातळ, कोरड्या आणि लवचीक पडद्याच्या गोलकात दाब म्हणजे बल भागिले सपाट झालेले क्षेत्रफळ, या इम्बर्ट व फिक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाचा आधार त्यांनी घेतला. परंतु खरे स्वच्छमंडल पातळही नाही आणि कोरडेही नाही. त्याचा ताठरपणा सपाट होण्यास विरोध करतो, तर त्यावरील अश्रूंचा पृष्ठताण उपकरणाच्या टोकाला आत ओढतो. सपाट भागाचा व्यास ३.०६ मि.मी. असताना हे दोन विरुद्ध परिणाम परस्परांना जवळपास छेद देतात, असे गोल्डमन यांना आढळले. म्हणून त्यांनी हाच व्यास निवडला.

या निवडीत एक सोयही आहे. ३.०६ मि.मी. व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७.३५ चौरस मि.मी. भरते. एवढ्या क्षेत्रावर १ ग्रॅम वजनाइतके बल लावले असता निर्माण होणारा दाब सुमारे १३३३ पास्कल, म्हणजेच बरोबर १० मि.मी. पारा इतका येतो. त्यामुळे उपकरणाच्या चकतीवरील ग्रॅमच्या आकड्याला १० ने गुणले की दाब मिळतो. तपासणीच्या वेळी डोळ्यात बधिरतेचा थेंब व फ्लुरेसीन रंग घालतात आणि निळ्या प्रकाशात दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसतात. त्यांच्या आतील कडा परस्परांना टेकल्या की वाचन घेतात.

मात्र परस्परांना छेद देण्याची ही किमया स्वच्छमंडल सुमारे ५२० मायक्रॉन म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक जाड, निरोगी आणि नियमित वक्रतेचे आहे, या गृहीतकावर आधारलेली आहे. गृहीतक मोडले की दोन परिणामांचा समतोल ढळतो व आकडा खऱ्या दाबापासून दूर जातो.

४. अचूकता आणि सुसंगतता यांतील भेद :
पुढील विवेचनापूर्वी दोन संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखादे उपकरण पुन्हा पुन्हा वापरूनही जवळपास तेच उत्तर देत असेल, तर त्याच्या मापनात सुसंगतता आहे असे म्हणतात. ते उत्तर खऱ्या मूल्याच्या जवळ असेल, तरच त्यास अचूकता म्हणता येते. हा भेद या पट्ट्यातील गुणवत्ता तपासणी विभागात काम करणाऱ्यांना चांगलाच परिचित आहे. मायक्रोमीटरचे शून्य बरोबर असले तरी मऊ रबरी भाग त्यात जोराने आवळला, तर माप दर वेळी तेच, पण चुकीचे येते.

गोल्डमन उपकरणाचीही कॅलिब्रेशन तपासणी करतात. सोबत दिलेल्या दांडीवरील ०, २ आणि ६ या खुणांवर, म्हणजे शून्य, २० व ६० मि.मी. पाऱ्याशी समतुल्य बलावर, उपकरण योग्य प्रतिसाद देते किंवा नाही हे पाहिले जाते. ही तपासणी आवश्यकच आहे. परंतु तिने केवळ उपकरणातील दोष कळतो. रोगग्रस्त स्वच्छमंडलामुळे होणारी चूक उपकरणात नसून मोजल्या जाणाऱ्या वस्तूत असल्याने ती कॅलिब्रेशनने दूर होत नाही. तीनदा मोजून तीनही वेळा १४ आले, यावरून दाब १४ च आहे असे सिद्ध होत नाही.

५. विविध विकारांत होणारी चूक :
(अ) सूज : स्वच्छमंडलाच्या आतील थरातील पेशी निकामी झाल्यास त्यात पाणी साठते व ते फुगते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांत असे घडते. जाडी वाढली म्हणजे वाचनही जास्त यावे, अशी सहज कल्पना होते. प्रत्यक्षात पाण्याने भिजलेले पटल मऊ पडलेले असते, त्यामुळे गोल्डमन उपकरणावर दाब बहुधा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. जाडी आणि ताठरपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

(आ) व्रण : जखम भरल्यानंतरचा व्रण मूळ ऊतीपेक्षा ताठर असतो. तो सपाट करण्यास अधिक बल लागते आणि वाचन बहुधा खऱ्यापेक्षा जास्त येते. शिवाय पृष्ठभाग खडबडीत असल्यास हिरवी अर्धवर्तुळे वेडीवाकडी दिसतात व कोणती कडा कोणत्या कडेला टेकली हे ठरविणे तपासणाऱ्याच्या अंदाजावर राहते.

(इ) केरॅटोकोनस : या विकारात स्वच्छमंडल मध्यभागी पातळ व मऊ होत जाऊन शंकूसारखे पुढे येते. येथे वाचन कमी येते. हा विकार थांबविण्यासाठी अतिनील किरण व रायबोफ्लेविन यांच्या साह्याने पटल घट्ट करण्याचा उपचार केल्यास त्याच डोळ्याचे वाचन पूर्वीपेक्षा वाढलेले दिसू शकते. ती वाढ दाबाचीच असेल असे नाही.

(ई) चष्मा घालविण्याची लेसर शस्त्रक्रिया : हा विकार नसला तरी तरुण अभियंत्यांमध्ये ही शस्त्रक्रिया लोकप्रिय असल्याने तिचा उल्लेख आवश्यक आहे. शस्त्रक्रियेत स्वच्छमंडलाचा काही भाग काढून टाकला जातो. त्यानंतर वाचन कायमचे कमी येते, डोळ्यातील खरा दाब मात्र बदललेला नसतो. क्वचित प्रसंगी स्टिरॉइड थेंबांमुळे दाब वाढून उचललेल्या पापुद्र्याखाली द्रव साठतो. अशा वेळी मध्यभागी घेतलेले वाचन फसवे कमी येते व दाब धोकादायक पातळीवर असूनही तो सामान्य भासतो.

(उ) अनियमित वक्रता : वडस, टाके घातलेली जखम किंवा प्रत्यारोपण यांमुळे मोठा सिलिंड्रिकल नंबर येतो. सपाट होणारा भाग तेव्हा वर्तुळाकार न राहता लंबवर्तुळाकार होतो. दर ४ डायॉप्टरमागे सुमारे १ मि.मी. पारा इतकी चूक होते. नंबर ३ डायॉप्टरपेक्षा अधिक असल्यास टोक विशिष्ट कोनात फिरवून मापन करावे किंवा आडव्या व उभ्या अशा दोन वाचनांची सरासरी घ्यावी, अशी पद्धत आहे.

यांखेरीज निरोगी डोळ्यातही चुका संभवतात. रंग जास्त झाल्यास वाचन वाढते, कमी पडल्यास घटते. रुग्णाने डोळे आवळले, श्वास रोखून धरला किंवा गळ्याशी कॉलर घट्ट असली, तरी दाब वाढतो.

६. जाडीनुसार दुरुस्ती : सूत्राच्या मर्यादा
वाचन जाडीवर अवलंबून असेल, तर जाडी मोजून आकडा दुरुस्त का करू नये, हा स्वाभाविक प्रश्न आहे. १९७५ मध्ये एहलर्स व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात नळी घालून खरा दाब आणि गोल्डमन उपकरणाचे वाचन यांची तुलना केली. त्यांच्या निष्कर्षावरून दर १० मायक्रॉन फरकामागे सुमारे ०.७ मि.मी. पारा अशी दुरुस्ती सुचविली गेली. या हिशेबाने ५२ मायक्रॉन, म्हणजे १० टक्के, फरकामागे सुमारे ३.६ मि.मी. पारा इतकी चूक होते. परंतु २००० मध्ये डॉटी आणि झमान यांनी तोपर्यंतच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता निरोगी डोळ्यांत १० टक्के फरकामागे केवळ १.१ मि.मी. पारा इतकाच बदल आढळला. जुनाट विकार असलेल्या डोळ्यांत तो २.५ च्या आसपास होता. एकाच प्रश्नाची उत्तरे तिपटीने भिन्न येत असतील, तर कोणतेही एक सूत्र एखाद्या विशिष्ट रुग्णावर लादणे योग्य ठरत नाही. सुजलेल्या पटलाच्या बाबतीत तर असे सूत्र उलट्या दिशेने नेते : जाडी जास्त म्हणून मुळातच कमी आलेल्या आकड्यातून आणखी वजाबाकी केली जाते.

तथापि जाडी मोजणे निरुपयोगी नाही. अमेरिकेतील ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दाब वाढलेल्या परंतु काचबिंदू नसलेल्या १६३६ व्यक्ती त्यात होत्या. ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी जाडी असलेल्यांना काचबिंदू होण्याचा धोका ५८८ मायक्रॉनहून अधिक जाडी असलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. म्हणजे जाडी हा धोका ओळखण्याचा उपयुक्त निकष आहे. मात्र धोक्याचा निकष आणि आकड्याची गणिती दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या संदर्भात महाराष्ट्रातील एका अभ्यासाची नोंद घेणे उचित ठरेल. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात २००६ ते २००८ या काळात झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या अभ्यासात ३० वर्षांवरील ४७११ व्यक्ती सहभागी झाल्या. त्यांच्या स्वच्छमंडलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन व प्रमाण विचलन ३३ मायक्रॉन आढळले. सरासरी गोल्डमन यांच्या ५२० या गृहीतकाच्या अगदी जवळ आहे. परंतु सरासरीवर समाधान मानणे येथे पुरेसे नाही. वितरण सामान्य वक्रानुसार आहे असे मानल्यास सहा व्यक्तींमागे जवळपास एकीची जाडी ४८१ मायक्रॉनपेक्षा कमी भरते. उपचार सरासरीवर होत नसून व्यक्तीवर होतो. पिंपरी-चिंचवडचा कामगारवर्ग तर मराठवाडा, विदर्भ, खानदेश, तसेच उत्तर प्रदेश व बिहार अशा अनेक प्रदेशांतून आलेला आहे. त्यामुळे येथे प्रत्येक संशयित रुग्णाची जाडी स्वतंत्रपणे मोजण्यास पर्याय नाही.

७. पर्यायी उपकरणे :
रोगग्रस्त स्वच्छमंडलासाठी लहान क्षेत्रावर काम करणारी उपकरणे तुलनेने उपयुक्त ठरतात. १९५९ मधील मॅके-मार्ग टोनोमीटरमध्ये मध्यवर्ती लहान दांडी दाब नोंदविते, तर तिच्या भोवतालचे कडे पटल वाकविण्यास लागणारे बल स्वतः पेलते. १९७० मध्ये कॉफमन, विंड आणि वॉल्टमन यांनी व्रणयुक्त व अनियमित स्वच्छमंडलांत या उपकरणाची वैधता तपासून ते विश्वसनीय असल्याचे दाखविले. आजचा हातात धरावयाचा टोनोपेन याच तत्त्वावर चालतो. त्याचे टोक लहान असल्याने व्रण टाळून शेजारच्या निरोगी भागावर मापन करता येते.

हवेचा झोत सोडणारे उपकरण ग्रोलमन यांनी १९७२ मध्ये प्रचारात आणले. डोळ्याला स्पर्श होत नसल्याने ते शिबिरांत आणि चष्म्याच्या दुकानांत सोयीचे वाटते. परंतु पटल सपाट झाल्याचा क्षण ते परावर्तित प्रकाशावरून ओळखते. पृष्ठभाग खडबडीत असल्यास परावर्तन विस्कळीत होते आणि वाचन चुकते किंवा मिळतच नाही. फिनलंडमध्ये विकसित झालेल्या रिबाउंड टोनोमीटरमध्ये हलकी सळई स्वच्छमंडलावर आपटून परत येते व तिच्या वेगातील घटीवरून दाब काढला जातो. यात बधिरतेच्या थेंबाची गरज नसते. मात्र सळई व्रणावर आपटली की निरोगी भागावर, यानुसार आकडा बदलू शकतो. पटलाच्या आकाराशी जुळणाऱ्या अंतर्वक्र टोकाचे डायनॅमिक कंटूर टोनोमीटर जाडीवर कमी अवलंबून असते, परंतु त्यालाही बऱ्यापैकी नियमित पृष्ठभाग लागतो. २००५ पासून पटलाची ऊर्जा शोषण्याची क्षमता मोजणारी उपकरणेही आली. त्यांच्यामुळे जाडीपेक्षा पटलाचे यांत्रिक गुणधर्म अधिक महत्त्वाचे आहेत, ही जाणीव दृढ झाली.

थोडक्यात, सर्व विकारांत खरा आकडा देणारे एकही उपकरण उपलब्ध नाही. म्हणून दोन भिन्न तत्त्वांच्या उपकरणांनी मापन करून त्यांतील तफावत पाहणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय. तफावत मोठी असेल, तर तीच आकड्यावर विसंबू नये याची सूचना असते.

८. औद्योगिक पट्ट्यातील विशेष प्रश्न :
उदाहरणादाखल अशी कल्पना करू की, एका टर्नरच्या उजव्या डोळ्यात पूर्वीच्या इजेचा मध्यवर्ती व्रण आहे. तपासणीत उजव्या डोळ्याचे वाचन २६ आणि डाव्याचे १५ येते. व्रण ताठर असल्याने २६ हा आकडा फसवा असू शकतो. तसे असल्यास या कामगाराला आयुष्यभर थेंबांचा खर्च विनाकारण सोसावा लागेल. उलट त्याच आघाताने निचऱ्याचा कोन फाटला असेल तर २६ हा आकडा खराही असू शकतो आणि 'व्रणामुळे जास्त आले असेल' असे म्हणून सोडून देणे घातक ठरेल. केवळ आकड्यावरून या दोन शक्यतांत निवड करता येत नाही. कोनाची तपासणी, निरोगी भागावरील टोनोपेनचे वाचन, दोन्ही डोळ्यांची तुलना आणि काही महिन्यांतील बदलाचा आलेख या सर्वांचा एकत्रित विचार करावा लागतो.

दुसरा प्रश्न पाळ्यांचा आहे. निरोगी व्यक्तीचा नेत्रांतर दाबही दिवसभरात ३ ते ६ मि.मी. पारा इतका बदलतो आणि आडवे झाल्यावर वाढतो. रात्रपाळी करून सकाळी बाह्यरुग्ण विभागात आलेला कामगार आणि रात्रभर झोपून आलेला कामगार यांची वाचने समान स्थितीत घेतलेली नसतात.

तिसरा प्रश्न थेंबांच्या स्वैर वापराचा आहे. जुलै २०२३ मध्ये चाकणलगतच्या आळंदी परिसरात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. विषाणूंमुळे डोळे आल्यानंतर काही रुग्णांच्या स्वच्छमंडलात लहान पांढरे ठिपके राहतात व त्यांसाठी स्टिरॉइड थेंब दिले जातात. बरे वाटते म्हणून तेच थेंब औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने वापरले गेल्यास दाब वाढतो आणि त्याची जाणीव रुग्णाला होत नाही. साथीच्या काळात दाबमापकाचे टोक निर्जंतुक न केल्यास ते स्वतःच संसर्गाचे साधन बनते, हेही विसरता कामा नये.

९. व्यावहारिक सूचना :
१) केसपेपरवर दाबाच्या आकड्याबरोबर उपकरणाचे नाव, वेळ, स्वच्छमंडलाची जाडी आणि व्रणाचे स्थान यांची नोंद असावी. कामगाराच्या बाबतीत पाळीचीही नोंद करावी.
२) एकाच रुग्णाची पुढील मापने शक्यतो त्याच उपकरणाने व त्याच वेळी घ्यावीत. आकडा पूर्णतः अचूक नसला तरी सुसंगत असेल, तर त्यातील बदल अर्थपूर्ण ठरतो.
३) पूर्वी डोळ्याला इजा झालेली, प्रत्यारोपण झालेली किंवा लेसर शस्त्रक्रिया केलेली व्यक्ती हवेच्या झोताच्या चाचणीत 'सामान्य' आली, तरी तिला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.
४) लेसर शस्त्रक्रियेपूर्वीची जाडी व दाब यांची कागदपत्रे रुग्णाने कायम जपून ठेवावीत.
५) कारखान्यांतील वार्षिक तपासणीत दृष्टीबरोबर पूर्वीच्या नेत्र-इजेची विचारणा व्हावी. डोळ्यातून कण काढल्याची प्रत्येक घटना, किरकोळ वाटली तरी, नोंदवावी.
६) राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत महाविद्यालये नेत्रतपासणी शिबिरे घेतात. अशा शिबिरांत स्वयंसेवकांनी इजा, शस्त्रक्रिया आणि थेंबांचा वापर याविषयी तीन साधे प्रश्न विचारून उत्तरे कागदावर लिहिली, तर कोणत्या आकड्याकडे संशयाने पाहावयाचे हे तज्ज्ञाला तत्काळ कळेल.

१०. निष्कर्ष :
नेत्रांतर दाबाचा आकडा हा दाब आणि स्वच्छमंडल या दोहोंचा संयुक्त परिणाम असतो. पटल निरोगी असेल तोवर त्याचा वाटा दुर्लक्षिता येतो, रोगग्रस्त झाल्यावर येत नाही. सुजेत व केरॅटोकोनसमध्ये आकडा बहुधा कमी, तर व्रणात बहुधा जास्त येतो. जाडीवर आधारित सूत्रे समूहाच्या पातळीवर उपयुक्त असली, तरी एका रुग्णाच्या बाबतीत त्यांवर निर्णय सोपविता येत नाही. कॅलिब्रेशनने उपकरणाचा दोष दूर होतो, गृहीतकाचा होत नाही.

ही बाब केवळ वैद्यकशास्त्रापुरती मर्यादित नाही. समाजशास्त्रातील प्रश्नावली असो, शिक्षणशास्त्रातील गुणांकन असो किंवा अभियांत्रिकीतील गेज असो, प्रत्येक साधन काही गृहीतकांवर उभे असते आणि ती गृहीतके ज्यांना लागू पडत नाहीत अशा व्यक्तींच्या बाबतीत ते नेमके चुकते. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांत शतांश मिलिमीटरचा फरक नाकारला जातो. तो फरक टिपणाऱ्या कामगाराच्या डोळ्याचे मापन करतानाही तेवढीच काटेकोर चिकित्सा व्हावी, एवढीच अपेक्षा या विवेचनाच्या शेवटी व्यक्त करावीशी वाटते.